पाकवलेले काजू-बदाम दुसऱ्या दिवशी चिकट का होतात? दिवाळीत जमतात, गणपतीत बिघडतात, त्यावर उपाय

गणपती-महालक्ष्म्या जवळ आल्या की इंदूरच्या मराठी घरांमधून हा एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. पाव्हण्यांसाठी म्हणून काजू-बदाम साखरेत पाकवले, रात्री खाऊन बघितले तर मस्त कुरकुरीत, आणि सकाळी डबा उघडला तर सगळ्यांचा मिळून एक गोळा. बरं, हीच बाई, हीच कढई, हेच प्रमाण दिवाळीत असतं तेव्हा पंधरा दिवस काही होत नाही. मग घरात चर्चा सुरू होते, कोणी म्हणतं साखर हलकी आली, कोणी म्हणतं काजू जुने होते, कोणी म्हणतं डब्याचं झाकण सैल आहे. झाकणाचा मुद्दा थोडा खरा आहे, बाकीचं बहुतेक वेळा नाही. खरं कारण पाणी. एक तर ते पाकातच राहून गेलेलं असतं, नाहीतर नंतर हवेतून आत शिरलेलं असतं, आणि दोन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी आपलं कुठलं ते ओळखायचं, मगच काय बदलायचं ते ठरवायचं.

ओळखणं सोपं आहे. घाणा उतरवला की दोन-तीन काजू बाजूला काढून पूर्ण गार होऊ द्या, कोमट नाही, पूर्ण गार. मग दाताखाली धरा. साखर दाताला चिकटली, ओढल्यासारखी लागली तर पाक कच्चा राहिलाय, हवेला दोष देऊ नका. कटकन तुटली तर पाक ठीक आहे. आता त्यातलेच चार-पाच छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि चार-पाच उघड्या बशीत ओट्यावर राहू द्या. सकाळी बशीतले चिकट आणि बरणीतले चांगले असले तर हवा लागली. दोन्हीकडचे चिकट असले तर ओल आतच होती, म्हणजे पाक नीट सुकला नव्हता, काजू-बदामच ओलसर होते किंवा बरणी भरताना ते गरम होते. ही छोटी परीक्षा आधी एका वाटीभर मेव्यावर करून बघा, किलोभर मेवा कढईत घालायच्या आधी. आजच्या भावात काजू वाया घालवणं कोणालाच परवडत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी सांगतच नाहीत. साखर मेव्यावर दोन तऱ्हेने बसते. एक म्हणजे चिक्कीसारखी, चकचकीत, आरपार दिसणारी. दुसरी म्हणजे रवाळ, पांढरट, खरखरीत, आपल्या संक्रांतीच्या हलव्यावर बसते तशी. पहिलीत साखरेचे दाणे पूर्ण मोडलेले असतात, आणि असा दाणे मोडलेला साखरेचा थर हवेतलं पाणी फार लवकर ओढतो, हवा थोडी दमट असली तरी ओढतो. दुसरीत साखर परत दाणेदार झालेली असते, आणि दाणेदार साखर हट्टी असते, हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत ती पाणी धरत नाही. म्हणून तर डब्यातली साधी साखर पावसाळ्यातही बऱ्यापैकी मोकळी राहते आणि उघडी ठेवलेली चिक्की तासाभरात हाताला लागते. आपल्या इंदूरला एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते, तेव्हा काहीही करा, जमतं. श्रावण-भाद्रपदात सकाळची आर्द्रता ८० च्या वर सहज जाते, तेव्हा चकचकीत थर टिकतच नाही, कितीही छान केला तरी. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे, की गणपतीत रवाळच करा, चकचकीत करायची हौस दिवाळी ते होळीच्या मधे भागवा. फोटोत चकचकीत जास्त सुंदर दिसतात हे मान्य, पण पाव्हण्यांच्या बोटांना चिकटणारे काजू वाटीत ठेवायला मलाच बरं वाटत नाही.

रवाळसाठी माझं प्रमाण: २५० ग्रॅम मेवा, १२५ ग्रॅम साखर, ६० मिली पाणी म्हणजे साधारण पाव कप. साखर नेहमीची जाड दाण्याची चालते. जाड बुडाची पसरट कढई घ्या. साखर-पाणी उकळायला ठेवा, साखर पूर्ण विरघळली की भाजलेला मेवा घाला आणि मध्यम आचेवर हलवत राहा. आधी फेस येतो, मग पाक घट्ट होत जातो, मेव्याला ओढ देतो, आणि मग एका क्षणी सगळं धुरकट दिसायला लागतं आणि बघता बघता साखर परत कोरडी होऊन प्रत्येक दाण्याला चिकटते, कढईत उरलेली भिजलेल्या रव्यासारखी दिसते. ज्यांनी पहिल्यांदा केलंय त्या इथे घाबरतात, पाक बिघडला असं वाटून वरून पाणी घालतात. घालू नका, हेच तर पाहिजे होतं.

आणि इथेच ती नेहमीची गफलत होते. साखर रवाळ दिसली की गॅस बंद केला जातो. दिसायला कोरडं दिसतं पण आत ओल असते. हिशोब बघा ना, पाक ११२ ते ११५ अंशांवर असतो तेव्हा त्यात साखर साधारण ८५ ते ८७ टक्के असते, बाकी पाणीच, आणि १५० अंशांच्या आसपास पोचतो तेव्हा कुठे ९८-९९ टक्के साखर होते. आपली साखर रवाळ होते ती या दोन्हींच्या मधे, बरीचशी अलीकडेच, म्हणजे तेव्हा बऱ्यापैकी पाणी शिल्लक असतं आणि ते साखरेच्या दाण्यांच्या मधे अडकून बसतं. ते घालवायचं तर रवाळ झाल्यावर आच अगदी मंद करून आणखी तीन-चार मिनिटं हलवायचं, पावसाळ्यात पाच. लोकमान्य नगरात माझी मावसबहीण राहते, तिच्याकडे गेल्या भाद्रपदात हेच झालं होतं, तिने उतरवलेला काजू मी मधोमध मोडला तर वरचा थर पांढरा, कोरडा, आणि काजूला लागून असलेली साखर मात्र ओली, चमकणारी, नखाने दाबली तर खळगा पडत होता. तिला म्हटलं अगं काही बिघडलं नाहीये, परत चढव. मंद आचेवर हलवायला लागलो तर आधी उलथन्याला जड लागत होतं आणि आवाज दबका येत होता, मग हळूहळू मोकळं झालं आणि काजू कढईच्या कडेला आपटून खडखड वाजायला लागले. तो आवाज लक्षात ठेवा, डोळ्यांपेक्षा कान जास्त खरं सांगतात. खडखड वाजले की अजून अर्धा मिनिट आणि गॅस बंद.

या मंद आचेवर काही साखर परत वितळून तपकिरी होते, थोडी झाली तर चवीला उलट छान, पण सगळीच वितळू दिली तर आपण परत चकचकीत थराकडे जातो आणि भाद्रपदात मेहनत वाया जाते. म्हणून आच मंदच.

थर्मामीटर वापरत असाल तर एक लक्षात घ्या, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. म्हणजे पुस्तकात १५० लिहिलं असेल तर आपल्याकडे १४८ ला तेच काम झालेलं असतं. फरक लहान वाटतो पण चिक्कीत शेवटच्या दोन-तीन अंशांतच रंग पालटतो. आधी उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडा बघून घ्या, मशीनमधेच फरक असला तरी कळून येतो. रवाळ प्रकाराला थर्मामीटरची गरजच नाही.

आता मेवा. बदाम भिजवून, सोलून मग पाकवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, कारण सकाळी खायचे बदाम आपण तसेच करतो. पाकवायला ते अजिबात चालत नाहीत. भिजवलेल्या बदामाच्या पोटात पाणी असतं, वरून कितीही सुकवला तरी ते दोन दिवसांत बाहेर साखरेत येतं आणि थर आतून ओला होतो, झाकण कितीही घट्ट असू दे. शिवाय सालीचा खरखरीतपणा साखर धरून ठेवायला लागतो, गुळगुळीत बदामावरून ती पापुद्र्यासारखी सुटते. तेव्हा सालीसकट घ्या आणि आधी कोरडे भाजा, कढईत मंद आचेवर, किंवा ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमधे, १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं. काजू लवकर लाल होतात, त्यांना जरा कमी. सियागंजातून, म्हणजे इथल्या घाऊक बाजारातून मेवा आणलात तरी पावसाळ्यात तो थोडा सादळलेला असणारच, पोत्यातून निघून पुडीत आला की हवा लागते, त्यात दुकानदाराचा दोष नाही. काजू मोडून बघा, कट आवाज न होता वाकला तर भाजणं अजिबात टाळू नका. शेंगदाणे तर भाजूनच घ्यायचे, कच्चे पाकात शिजत नाहीत, आतून कचवट राहतात. आणि भाजलेला मेवा गरम असतानाच पाकात घाला, गार मेवा पडला की पाकाचं तापमान एकदम उतरतं आणि साखर मेव्यावर बसायच्या आधी कढईच्या बुडाशी बसते.

लिंबाचं बघू. पाकात लिंबू पिळायची आपल्याला इतकी सवय झालीये, की हात आपोआप जातो. जिलबीच्या, गुलाबजामच्या पाकात लिंबू घालतात ते पाक दाणेदार होऊ नये म्हणून, कारण आंबटामुळे साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि मग दाणा बनत नाही. आपल्याला इथे नेमका दाणा बनायलाच पाहिजे. त्यात फ्रुक्टोज ही सगळ्यात जास्त पाणी ओढणारी साखर. म्हणजे चमचाभर लिंबू पिळलं की साखर रवाळही होणार नाही आणि हवेतली ओलही जास्त ओढेल, दोन्हीकडून नुकसान. मधाचंही तेच, मधात फ्रुक्टोज भरपूर असतं, पौष्टिक म्हणून मध घालून केलेले बदाम भाद्रपदात संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत. गुळातही हे अंश असतातच, म्हणून गुळाचे शेंगदाणे थंडीत करावेत, तेव्हा पाक इतका पक्का करावा की थेंब पाण्यात टाकून ताटलीवर आपटला तर टणकन वाजला पाहिजे. थंडीत केलेल्या गुळाच्या शेंगदाण्यांची बरोबरी साखर करू शकत नाही, हे माझं मत कायम आहे. पण ऋतू बघून.

तूप सुरुवातीला घालू नका. तुपाने मेवा गुळगुळीत होतो, साखर बसत नाही, आणि मग लोक विचारतात की साखर सगळी डब्याच्या तळाशी का जमते. अगदीच घालायचं असलं तर कोरडं झाल्यावर शेवटी अर्धा चमचा, वासापुरतं. परदेशी पद्धतीत अंड्याचा पांढरा भाग फेटून त्यात मेवा घोळवून ओव्हनमधे मंद भाजतात, ते चांगलं होतं, थर पातळ आणि खुसखुशीत येतो, पण गणपतीच्या दिवसांत आपल्या घरात ते चालायचं नाही, म्हणून मी त्याबद्दल जास्त सांगत नाही.

गार करताना काय चुकतं ते बघा. कढईतून उतरवल्यावर मोठ्या स्टीलच्या ताटात पसरवायचं, एकमेकांना चिकटलेले दोन काट्याच्या चमच्यांनी लगेच सोडवायचे, हाताने नाही, साखर हात भाजते आणि चिकटून राहते, मुलांना त्या वेळी ओट्यापाशी उभं राहू देऊ नका. मग बहुतेक घरांत ताट पंख्याखाली ठेवून माणसं दुसऱ्या कामाला लागतात आणि दोन तासांनी आठवतं. दिवाळीत याने काही बिघडत नाही. पावसाळ्यात पंखा म्हणजे दमट हवेचा मारा, दोन तासांत जेवढी ओल लागायची ती लागून जाते आणि तीच आपण डब्यात बंद करतो. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. ताटाच्या बुडाला हात लावून बघा, गार लागलं की लगेच भरा. आणि त्याच्या आधीही भरू नका, कोमट भरले तर झाकणाला आतून वाफ धरते आणि तेच पाणी वरच्या थरावर टपकतं. या दोन टोकांच्या मधली वेळ साधायची. घरात एसी असेल तर त्या खोलीत दार लावून गार करा, एसी हवेतलं पाणी काढून घेतो, फरक लगेच कळतो. स्वयंपाकघरात त्याच वेळी मोदकांची वाफ किंवा वरणाचा कुकर चालू असेल तर ताट तिथून हलवाच.

एक मोठा डबा भरण्यापेक्षा तीन-चार छोट्या बरण्या भरा. गणपतीत दिवसभर कोणी ना कोणी येतं, दर वेळी मोठा डबा उघडला जातो, आणि प्रत्येक वेळी आतली कोरडी हवा जाऊन बाहेरची दमट हवा येते, चौथ्या दिवशी तळाचे काजू चिकट झालेले असतात. छोटी बरणी उघडली, संपली, दुसरी उघडली. बरणी धुऊन नुसती पुसलेली नको, उन्हात किंवा कोमट ओटीजीत सुकवलेली पाहिजे. खाण्याच्या पदार्थांसाठी चालणारी सिलिका जेलची पुडी मिळते, ती टाकली तर उत्तम, फक्त मुलांच्या हाती लागू देऊ नका. भाजलेल्या तांदळाची पुरचुंडीही ठेवतात, तिने थोडीफार मदत होते. फ्रिजमधे मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर गार काजूंवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं आणि पाच मिनिटांत ते ओले होतात. वाटीत काढायचे ते पाव्हणे बसल्यावर, आरतीच्या आधी मांडून ठेवू नका.

जिरावण म्हणजे आमच्या इंदुरी पोह्यांवरचा मसाला, तो घालून केलेले शेंगदाणे आमच्याकडे पोह्यांवरही भुरभुरतात आणि नुसतेही खातात, गोड-तिखट-आंबट चव येते, पुण्याच्या पाव्हण्यांना ते फार आवडतात आणि जाताना जिरावणाची पुडीही मागून नेतात. पण जिरावणात मीठ आणि काळं मीठ असतं, आमचूर असतो, आणि मीठ दमट हवेत साखरेच्या आधीच पाणी धरतं. म्हणून पाकात घालायचं नाही, सगळं कोरडं होऊन खडखड वाजल्यावर, गॅस बंद करून मग वरून भुरभुरायचं. आणि पावसाळ्यात मी तर सरळ सांगते, मीठ-मसाल्याचे वेगळे करा, थोडेच करा, त्याच दिवशी संपवा. लाल तिखट गरम कढईत पडलं की घरभर ठसका उठतो, तेही शेवटीच. वेलची, सुंठ, मिरपूड यांचा तसा त्रास नाही, त्यांचा वास टिकावा म्हणून त्याही शेवटीच घाला.

झालेच चिकट तर? फेकायचे नाहीत. काजू हाताने मोकळे करा, ओटीजी असेल तर १२० ते १३० अंशांवर ट्रेमधे पसरून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मधे एकदा हलवा, बाहेर काढल्यावर गार होईपर्यंत मऊच लागतील, घाबरू नका, गार झाल्यावर कुरकुरीत होतात. ओटीजी नसेल तर कढईत मंद आचेवर, दोन चमचे कोरडी साखर वरून भुरभुरून हलवत राहा, त्या साखरेच्या दाण्यांना धरून बाकीची साखर परत रवाळ होते. मधाचे किंवा लिंबाचे असतील तर ते यानेही फारसे सुधारत नाहीत, ते जाडसर कुटून शिऱ्यात किंवा श्रीखंडावर घाला.

कडवट झाले असतील तर मात्र इलाज नाही, जळलेली साखर कशानेच गोड होत नाही. कडवटपणाचं कारण बहुतेकदा कढई. लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही तापलेली राहते, त्यामुळे आतलं पुढे शिजतच राहतं, त्यात करत असाल तर बंद करायची वाट न बघता लगेच ताटात ओता. काळ्या नॉनस्टिकमधे साखरेचा रंग दिसत नाही, इंडक्शनवर मधोमध जास्त तापतं आणि कडेला साखर ओलीच राहते, तिथे आच कमी ठेवून जास्त हलवावं लागतं. आणि अक्रोड थोडे कडवट लागले तर ते सालीमुळेही असतं, पण जुना, तेलकट वास येत असेल तर अक्रोडच खवट झालेत, ते पाकवून झाकलं जात नाही, पाकवायच्या आधी एक चावून बघायचाच.

कढईत शेवटी उरतो तो साखरेचा भाजका चुरा, त्यात काजूचे तुकडेही असतात, तो गार करून वेगळ्या बरणीत भरा. गरम दुधात चमचाभर घातला तर साखर वेगळी लागत नाही, आणि महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या खिरीवर शेवटी भुरभुरला तर भाजक्या साखरेचा छान वास येतो.